औषधाच्या डब्यातल्या बाकीच्या गोळ्यांचं काय?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ६२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, तालुक्याच्या गावी राहतात. दोनेक वर्षांपासून लघवी लागली की धरवत नाही. दिवसा बारा-तेरा वेळा जावं लागतं, रात्री तीनदा उठावं लागतं, कधी बाथरूमच्या दारातच कपडे ओले होतात. गेल्या दिवाळीपासून त्रास वाढला. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला नाही. गावातल्या डॉक्टरांनी सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅम दिली. पाच आठवड्यांत दिवसाचं जाणं कमी झालं, पण तोंडाला इतकी कोरड की रात्री उशाशी तांब्या लागतो, कोठा साफ होत नाही आणि रात्रीचं उठणं तसंच. मुलीने पुण्यात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी ती बंद करून मिराबेग्रॉन २५ लिहून दिली. ती महाग आहे, म्हणून अजून सुरू केलेली नाही. त्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं की लघवीच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो. यजमान म्हणतात, वयाचं आहे, पाणी कमी पी. भजनी मंडळात त्या आता दाराजवळ बसतात आणि एसटीने मुलीकडे जाणं बंद झालं आहे. प्रश्न असा: “दोन्हींपैकी चांगली गोळी कोणती, आणि ती जन्मभर घ्यायची का?” ता. क. मध्ये नेहमीची औषधं दिली आहेत: मेटफॉर्मिन, दिवाळीपासून डॅपाग्लिफ्लोझिन, बीपीसाठी मेटोप्रोलॉल, पायांची आग होते म्हणून झोपताना अमिट्रिप्टिलिन, आणि सर्दी झाली की दुकानातून आणलेली गोळी.

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्नासाठी, दुसऱ्यांदा ता. क. साठी. दोन पानं तुम्ही त्या दोन गोळ्यांबद्दल लिहिलंत आणि अगदी शेवटी, कागदाच्या कडेला, ही पाच नावं. माझं बरंचसं उत्तर त्या पाच नावांत आहे. पण आधी तुम्ही विचारलंय ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई विषय टाळतात.

मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. ती आवळायचा निरोप ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. सोलिफेनासिन हा निरोप अडवते. अडचण अशी की तेच रसायन लाळेच्या ग्रंथींना, आतड्याला आणि डोळ्यालाही निरोप देत असतं. गळका नळ थांबवायला घराचा मेन कॉक अर्धा बंद केला की स्वयंपाकघरातलं पाणीही बारीक होतं, तसं ते. टॉल्टेरोडीन, डॅरिफेनासिन, ट्रॉस्पियम, फेसोटेरोडीन, ऑक्सिब्युटिनिन ही सगळी याच कुळातली. ऑक्सिब्युटिनिन त्यातली जुनी, स्वस्त, आणि तोंड सर्वांत जास्त कोरडं करणारी. ती मेंदूतही सहज शिरते, म्हणून साठीपुढच्या माणसाला मी लिहीत नाही. ट्रॉस्पियम मेंदूत फारशी शिरत नाही, पण साधी गोळी दिवसातून दोनदा आणि तीही उपाशीपोटी घ्यावी लागते.

मिराबेग्रॉनचं कूळ निराळं. पिशवी भरत असताना तिच्या स्नायूला सैल राहायला सांगणारी एक वेगळी वाट शरीरात आहे, ती वाट ही गोळी वापरते. जपानमध्ये २०११ साली आणि अमेरिकेत २०१२ साली तिला परवानगी मिळाली. तोंड कोरडं पडणं, कोठा जड होणं हे हिच्याने फारसं होत नाही. मात्र रक्तदाब थोडा चढू शकतो. ज्यांचं बीपी १८०/११० किंवा त्याच्या वर आहे आणि आटोक्यात नाही, त्यांना ही देत नाहीत.

गुण कुणाचा जास्त? जवळजवळ सारखाच. आणि तो आपण समजतो त्यापेक्षा लहान असतो. या औषधांच्या चाचण्यांमध्ये नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचंही दिवसाला एखाद-दुसऱ्या वेळचं जाणं कमी झालेलं दिसतं. खऱ्या गोळीने त्यात सरासरी आणखी अर्ध्या ते एका वेळेची भर पडते. सरासरी असली तरी काहींना पुष्कळ फरक पडतो आणि काहींना काहीच नाही. त्यामुळे “तेरा वेळांचं सहा वेळा होईल” या आशेने कुठलीही गोळी सुरू केली तर ती नापासच होणार. त्रासाच्या बाबतीत मात्र दोघींत खरा फरक आहे. सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅमवर शंभरातल्या साधारण अकरा जणांना तोंडाला कोरड पडते, १० वर नेली की अठ्ठावीस जणांना. खोट्या गोळीवर हा आकडा चार असतो.

आता तुमच्या तांब्याकडे येऊ.

गोळीने तोंड कोरडं पडलं, म्हणून तुम्ही संध्याकाळपासून घोट घोट पाणी पीत राहिलात. ते पाणी रात्री कुठे जाणार? “दिवसा फरक पडला पण रात्री नाही” असं तुम्ही लिहिता, त्यातलं निम्मं कारण मला उशाशी दिसतं. यावर उपाय साधे आहेत. नुसती चूळ भरायची, एखादी लवंग किंवा चिमूटभर बडीशेप चघळायची, बिनसाखरेची गोळी तोंडात धरायची. पाणी दिवसा, जेवणानंतर थोडंच.

पण कोरड एवढी का पडली? अमिट्रिप्टिलिनमुळे. पायांच्या आगीसाठी दिलेलं हे औषधही तोच ॲसिटिलकोलिनचा निरोप अडवतं. वर सर्दीची गोळी. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं, तेही त्याच पंगतीतलं. म्हणजे सोलिफेनासिन सुरू झाली तेव्हा मेन कॉक आधीच दोघांनी आवळलेला होता. तुमच्या गावातल्या डॉक्टरांना ही यादी दाखवली होती का? पत्रात तसं दिसत नाही. बीपीची औषधं एकाकडची, साखरेची दुसऱ्याकडची, पायांची तिसऱ्याकडची, सर्दीची कुणाचीच नाही, असं आपल्याकडे सर्रास चालतं. दोष कुणा एकाचा नसतो. पण सगळे गोळ्यांचे पट्टे एका ताटात काढून एकाच माणसाने बघितलेले नसतात.

आणि दिवाळी. त्रास दोन वर्षांचा, वाढला दिवाळीपासून. साखरेची नवी गोळीही दिवाळीपासून. डॅपाग्लिफ्लोझिन रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते, दिवसाला साधारण ७० ग्रॅम, आणि साखर जाताना पाणी ओढून नेते. त्यामुळे दिवसाची लघवी साधारण ३७५ मिलिलिटरने वाढते, म्हणजे जवळजवळ दोन फुलपात्रं. सुरुवातीच्या दिवसांत हे जास्त जाणवतं. ज्यांची पिशवी शांत आहे त्यांना कळतही नाही. जिची आधीच घाई करते तिला ही दोन फुलपात्रं जड जातात. ताई, ही गोळी मनाने बंद करू नका. हृदयाला आणि किडनीला तिचा चांगला फायदा होतो, डॉक्टरांनी विचार करूनच दिली असेल. पण त्यांना तारीख सांगा: दिवाळीत गोळी, दिवाळीनंतर त्रास. सकाळी घेता की रात्री, तेही सांगा. खाज किंवा जळजळ असेल तर लपवू नका. या गोळीवर त्या जागी बुरशीचा संसर्ग होतो आणि त्यानेही सारखं जावंसं वाटतं.

मग पिशवी बिघडली आहे की लघवीच जास्त होते आहे? हे ठरवल्याशिवाय दोन गोळ्यांची तुलना करणं म्हणजे ताप न मोजता क्रोसिन की पॅरासिटामॉल असा वाद घालणं. (दोन्ही एकच, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) ठरवायचं कसं, तर तीन दिवस मोजून. स्वयंपाकघरात आकडे छापलेला प्लास्टिकचा जग असतो तसा एक नवा आणा, बाथरूममध्ये ठेवा आणि प्रत्येक वेळी किती झाली ते वेळेसकट लिहा. किती प्यालात, कधी घाई झाली, कधी गळली, तेही लिहा. माझ्याकडे एक आजी येत असत. त्यांनी ही नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत केली होती. वर दुधाचा हिशेब, ‘१ लि.’, आणि खाली बारीक अक्षरात ‘प. २, १५०’. सूनबाईंना कळू नये म्हणून लघवीचं ‘प’ केलं होतं. त्या चार इंची चौकटींतून मला जे कळलं ते कुठल्याच रिपोर्टात नव्हतं. दिवसा प्रत्येक वेळी शंभर-दीडशे मिलिलिटर, रात्री मात्र चारशे-साडेचारशे. दिवसा पिशवी घाई करत होती, रात्री मात्र लघवीच जास्त तयार होत होती.

तुमची नोंद अशी वाचा. दर वेळी शंभर-दीडशेच होत असेल तर पिशवी भरायच्या आत घाई करते आहे, आणि इथे गोळीचा उपयोग होऊ शकतो. दर वेळी साडेतीनशे-चारशे होत असेल तर पिशवी आपलं काम बरोबर करते आहे, तिला दटावून उपयोग नाही. मग साखर, पाणी, चहा आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांच्याकडे बघायचं. चोवीस तासांच्या एकूण लघवीतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रात्री होत असेल तर कारण बहुधा पिशवीच्या बाहेर आहे. पायांवरची सूज हे त्यातलं नेहमीचं. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवीवाटे निघतं. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उमटतो का, बघा. इतर वाचकांपैकी कुणी बीपीसाठी अमलोडिपिन घेत असेल तर त्यानेही पाय सुजतात. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

आणखी एक तपासणी विचारून घ्या: लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते. सोनोग्राफीत दोन मिनिटांत कळतं. जुन्या मधुमेहात पिशवीच्या नसा मंद होतात, ती पूर्ण रिकामी होत नाही आणि मग सारखं जावं लागतं. अशा पिशवीला आणखी सैल करणारी गोळी दिली तर लघवी अडू शकते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुष वाचकांनी तर हे पाहिल्याशिवाय यातली कुठलीही गोळी घेऊ नये.

यजमानांच्या दोन्ही सूचना प्रेमाच्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या. वयाने हा त्रास वाढतो हे खरं. पण चष्मा लागला म्हणून वाचन सोडा असं आपण कुणाला सांगतो का? आणि पाणी तोडल्याने लघवी गडद होते, ती पिशवीला जास्त टोचते, कोठा घट्ट होतो, आणि भरलेलं आतडं पिशवीवर दाब देतं. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी हवंच. तोडायचा तर चहा तोडा, विशेषतः दुपारी चारनंतरचा. भजनाच्या आधीचा कप पहिल्यांदा.

दुसरी सवय तुमची स्वतःची, आणि ती सुटायला जास्त कठीण. पत्रात एक वाक्य आहे: “कुठे निघायचं म्हटलं की लागलेली नसली तरी जाऊन येते.” आपल्या सगळ्यांच्या आयांनी हेच शिकवलं. वाटेत बाईमाणसाला जाण्यासारखी जागा मिळेल याची खात्री कधी नव्हती, त्यामुळे त्यांचं चूक नव्हतं. पण दिवसातून पाच-सहा वेळा अर्धी भरलेली पिशवी रिकामी केली की ती अर्ध्यालाच भरली समजू लागते. ही सवय उलटी फिरवता येते. सध्या तासाने जात असाल तर आठवडाभर सव्वा तासाने जा, पुढच्या आठवड्यात दीड. मध्ये घाई आली तर धावायचं नाही. खुर्चीच्या कडेवर बसायचं किंवा आहात तिथे उभं राहायचं, आणि लघवीची धार मध्येच थांबवावी तसे ते स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळायचे. तीस-चाळीस सेकंदांत घाई ओसरते. मग सावकाश चालत जायचं. बाहेरून येऊन कुलपात किल्ली घालताना नेमकी कळ येते ना? ती पिशवी भरल्याची नसते, दाराची आठवण झाल्याची असते. त्या वेळी हा प्रयोग करून बघा. पहिले पंधरा दिवस फसेल. गुण यायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. एवढा धीर पुष्कळांना नसतो, आणि म्हणूनच गोळ्या इतक्या खपतात, असं माझं मत आहे.

पाळी गेल्यानंतर त्या भागाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यानेही घाई वाढते. स्त्रीरोगतज्ज्ञांना इस्ट्रोजेनच्या मलमाबद्दल विचारा. ते योनिमार्गात थोडंसं लावायचं असतं. लाजेपोटी हा उपाय राहून जातो.

आता भाच्याचा निरोप. त्याने उगाच घाबरवलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत २०१५ साली आणि ब्रिटनमध्ये २०१९ साली मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. सोलिफेनासिनच्या कुळातली औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं. औषधामुळेच तो होतो हे त्यातून सिद्ध होत नाही, पण सावध राहावं इतकं नक्की आहे. प्रश्न वर्षांचा आणि एकूण बेरजेचा आहे. पाच आठवड्यांत तुमचं काही बिघडलेलं नाही, आणि मिराबेग्रॉन त्या कुळातली नाही. भाच्याच्या निरोपात हा फरक नसणार.

तर माझा कल कुठे? अमिट्रिप्टिलिन चालू आहे तोवर तुमच्यासाठी सोलिफेनासिनपेक्षा मिराबेग्रॉन मला बरी वाटते. पण तीही डोळे मिटून नाही. मिराबेग्रॉनमुळे मेटोप्रोलॉल शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो, रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं आणि नाडी मंदावू शकते. अमिट्रिप्टिलिनचंही थोडं तसंच. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांना ही दोन नावं मुलीकरवी आजच कळवा. कदाचित ते काही बदलणार नाहीत, कदाचित मात्रा कमी करतील. सुरू केल्यावर पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा बीपी आणि नाडी लिहून ठेवा. नाडी पन्नासच्या आसपास आली किंवा उठताना चक्कर आली तर लगेच कळवा. गोळी चावायची नाही, तोडायची नाही, अख्खी गिळायची. २५ च्या मात्रेला पूर्ण गुण यायला आठ आठवडेही लागतात, त्यामुळे दहाव्या दिवशी “काही उपयोग नाही” म्हणून डब्यात टाकू नका. आणि सोलिफेनासिन थांबवली तरी तिची निम्मी मात्रा अंगातून जायला दोन दिवसांहून जास्त लागतात. आठवडाभर कोरड राहिली तर तिचा दोष नव्या गोळीला देऊ नका.

उलट, पायांच्या आगीवर डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं आणि अमिट्रिप्टिलिन सुटलं, तर सोलिफेनासिन ५ तुम्हाला आतापेक्षा पुष्कळ सुसह्य होईल. खर्च झेपत नसेल तर हा मार्ग कमीपणाचा नाही. मात्र काचबिंदू आहे का ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. त्याच्या एका प्रकारात हे औषध चालत नाही. आगीचा विषय निघालाच आहे तर बी-१२ ही तपासा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की ते कमी होतं आणि पाय त्यानेही जळतात. ते कारण निघालं तर डब्यातली एक गोळी कमी होईल.

किमतीबद्दल एकच. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या भावात खूप फरक असतो. चिठ्ठीवर मूळ नाव लिहून मागा, जनऔषधी केंद्रात चौकशी करा, आणि पहिल्यांदा पंधरा दिवसांचीच घ्या.

जन्मभर? नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची नोंद करा आणि जुन्या नोंदीशेजारी ठेवा. फरक नसेल तर ती गोळी बंद. असेल आणि स्नायूंचा सराव जमला असेल, तर डॉक्टरांना विचारून महिनाभर सोडून बघा. दोन्ही प्रकार वापरून भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन, पायाच्या नसेला सौम्य विद्युत झटके असे पुढचे उपाय आहेत, पण तुमची गाडी तिथवर जाईल असं मला वाटत नाही. मात्र लघवीत रक्त दिसलं, ताप-वेदना आल्या, लघवी अडली किंवा पायांतली ताकद गेली तर सराव, नोंद काही नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि हसताना, शिंकताना, वजन उचलताना गळत असेल, घाई न होता, तर ते दुखणं वेगळं. त्यावर या दोन्ही गोळ्या चालत नाहीत.

मुलीकडे जायचं महिनाभराने ठरवा, नवी गोळी अंगी लागली की. सकाळची गाडी धरा, निघायच्या आधीचा चहा मुलीकडे पोचल्यावर प्या, आणि पिशवीत एक पॅड व एक जादा परकर ठेवा. लागला नाही तर तसाच घडी करून परत आणा.